गाणाऱ्याच्या हाती गुणांची वही

बेन्झिनो हे नाव काढलं की हिप-हॉप ऐकणाऱ्या बहुतेकांना एमिनेम या रॅपरशी झालेलं त्याचं भांडण आठवतं आणि त्यापुढे काहीच आठवत नाही. त्या भांडणात तो हरला, हे खरंच आहे. पण रेमंड स्कॉट हे मूळ नाव असलेल्या या रॅपरची कारकीर्द तेवढ्या हारजितीवर मोजणं मला पटत नाही. त्याच्या निमित्ताने एक जुना आणि अजूनही न सुटलेला प्रश्न चव्हाट्यावर आला होता. जो स्वतः गातो, त्याने इतरांच्या गाण्याला गुण देणारं मासिक चालवावं का?

अनेक जण सरळ ‘नाही’ म्हणतील. मी म्हणणार नाही. ज्यांना संगीत आतून कळतं त्यांनीच त्याविषयी लिहू नये, छापू नये, हा नियम कुणाच्याच भल्याचा नाही. अट एवढीच, की आपला हात कुठे गुंतलेला आहे ते वाचकाला आधीच कळलं पाहिजे आणि तो हात समीक्षेच्या पानाला लागता कामा नये. बेन्झिनो पुढे ज्याचा एक मालक झाला त्या ‘द सोर्स’ या अमेरिकन रॅप मासिकात ही अट मोडली गेली आणि पुन्हा पुन्हा मोडली गेली. त्याचा फटका मासिकाला बसला, संपादकांना बसला, पण सगळ्यात मोठा बसला तो बेन्झिनोलाच. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी खरंखुरं होतं आणि ते सांगायची वेळ आली तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

हे मासिक काय होतं, हे आज विशीत असलेल्या श्रोत्याला सांगावं लागेल. १९८८ साली हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड मेज आणि जॉन शेक्टर या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. मेज तिथल्या रेडिओ केंद्रावर रॅपचा कार्यक्रम करायचा. त्याच्या श्रोत्यांसाठी काढलेलं एका पानाचं पत्रक, इतकीच सुरुवात. दोनेक वर्षांत बिऱ्हाड न्यूयॉर्कला हललं, पत्रकाचं मासिक झालं आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूजस्टँडवरच्या विक्रीत ते ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकालाही मागे टाकू लागलं. मोठी वर्तमानपत्रं त्या काळात रॅपकडे बघायची ती गुन्हेगारीच्या पानावरून. गाण्यातल्या यमकांची, ठेक्याची, शब्दांच्या कसबाची गंभीरपणे चर्चा करणारी जागा फार थोडी होती. रॅप ऐकत वाढलेली मुलं रॅपविषयी लिहितायत आणि तेही कुणाला समजावून सांगण्याचा आव न आणता, हे ‘द सोर्स’मध्ये नियमाने घडत होतं.

मासिकात नव्या अल्बमना गुण म्हणून माइक दिले जायचे. एकापासून पाचापर्यंत, अधेमधे अर्धेही. पाच माइक म्हणजे अभिजात आणि ते सहसा मिळत नसत. १९९४ मध्ये नॅस या रॅपरचा ‘इलमॅटिक’ आला तेव्हा तो विशीचा पोरगा होता आणि त्याचा हा पहिलाच अल्बम. मिन्या ओ या तरुण लेखिकेने ‘शॉर्टी’ या नावाने परीक्षण लिहिलं आणि पाचपैकी पाच माइक छापले गेले. नवख्याला इतकं द्यावं का, यावर तेव्हा वाद झाला. आज तो निर्णय चुकला असं म्हणणारं कुणी भेटणार नाही. हे सगळं कशामुळे महत्त्वाचं होतं? तेव्हा घरबसल्या दोन बोटांनी अल्बम ऐकून बघायची सोय नव्हती. रेडिओवर एखाद-दुसरं गाणं कानावर पडायचं, बाकीच्या गाण्यांवर विश्वास टाकून पोराटोरांनी खिशातले पैसे काढायचे. त्या विश्वासाला आधार होता या माइकांचा.

आणि ‘अनसाइन्ड हाइप’. कुठल्याही कंपनीशी करार न झालेल्या रॅपरांचं हे सदर. देशभरातून घरगुती ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटी यायच्या, त्या ऐकायच्या आणि त्यातून महिन्याला एक नाव छापायचं. १९९२ मध्ये या सदरात ब्रुकलिनचा एक तरुण झळकला, जो पुढे नटोरियस बी.आय.जी. म्हणून जगाला माहीत झाला. मॉब डीप, डीएमएक्स, कॉमन यांचीही नावं आधी इथे छापली गेली. मार्च १९९८ मध्ये डेट्रॉइटच्या एका गोऱ्या रॅपरची दखल घेतली गेली. तो एमिनेम. ज्याला मासिकाने वर आणायला मदत केली त्याच्यावरच पाच वर्षांनी ते तुटून पडलं, हे पुढे येईलच. इथे सांगायचं ते एवढंच, की कुणाचीही ओळखपाळख नसलेल्या मुलाची कॅसेट केवळ चांगली आहे म्हणून छापून येऊ शकते, हा भरवसा या मासिकाची सगळ्यात मोठी कमाई होती.

आता बेन्झिनोकडे येऊ. तो बॉस्टनचा. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही रॅपची दोन मोठी ठाणी, बॉस्टनला तिथे कुणी विचारत नसे. ‘ऑलमायटी आरएसओ’ हा त्याचा गट मेजच्या रेडिओ कार्यक्रमात यायचा, तिथूनच दोघांची दोस्ती जमली. मेज त्या गटाचं व्यवस्थापनही बघू लागला. १९९२ मध्ये गटाने पोलिसांच्या गोळीबारावर संतापून एक गाणं काढलं. पोलिसांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि ‘टॉमी बॉय’ या कंपनीने गटाचा हात सोडला. या प्रकरणात माझी सहानुभूती गटाकडेच आहे. पोलिसांवर बोट ठेवलं म्हणून एखाद्या गटाचा करार जावा, ही अन्यायाचीच गोष्ट. आपल्या मित्राला कुणी जागा देत नाही आणि आपल्या हातात तर देशातलं सगळ्यात वजनदार रॅप मासिक आहे, तेव्हा मेजच्या मनात काय आलं असेल ते समजायला अवघड नाही. मित्रासाठी जीव तुटणं हा गुन्हा नाहीच. पण मासिक एकट्या मेजचं नव्हतं.

१९९४ च्या नोव्हेंबरच्या अंकात ‘ऑलमायटी आरएसओ’वर लेख आला. संपादकांनी अंक हातावेगळा केला, छपाईला गेला असं धरून ते मोकळे झाले आणि त्यानंतर मेजने त्यांना न कळवता ही पानं आत घातली. संपादकीय विभागातल्या लोकांना ते नंतर समजलं. मासिकात काम केलेल्या कुणालाही याचा अर्थ उलगडून सांगायला नको. अंकातल्या प्रत्येक ओळीला संपादक जबाबदार असतो, तेच त्याचं काम असतं. त्याच्या पाठीमागे पानं घुसवली की नावापुरता संपादक उरतो. शेक्टर, जेम्स बर्नार्ड, रेजिनाल्ड डेनिस आणि त्यांचे बरेच सहकारी बाहेर पडले. शेक्टर तर संस्थापकांपैकी एक. आपणच उभारलेलं घर सोडायची वेळ त्याच्यावर आली. बर्नार्ड आणि डेनिस १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सएक्सएल’ या मासिकाचे पहिले संपादक झाले. म्हणजे आपला मुख्य प्रतिस्पर्धी कुणी घडवला असेल तर ‘द सोर्स’ने स्वतःच.

त्यानंतर लाज वाटून हात आखडता घेतला गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. झालं उलटंच. बेन्झिनोचा मासिकातला वाटा आणि वावर वाढत गेला, पुढे तर मासिकाच्या संस्थापकांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९९९ मध्ये त्याच्या ‘मेड मेन’ या नव्या गटाच्या अल्बमला ‘द सोर्स’ने साडेचार माइक दिले. अभिजात म्हणायला फक्त अर्धा माइक कमी.

तो अल्बम वाईट होता असं मी म्हणत नाही. माझी तक्रार अशी, की तो चांगला होता की वाईट हे ठरवायचा मार्गच मासिकाने बंद करून टाकला. समजा, परीक्षण लिहिणाऱ्याला तो अल्बम खरोखर मनापासून आवडला होता. त्याचं ऐकणार कोण? जो वाचेल तो म्हणेल, मालकाचा अल्बम आहे, आणखी काय लिहिणार बिचारा. पगार देणाऱ्याच्या गाण्याला दोन माइक देऊन कोण नोकरी घालवणार? इथे बेन्झिनोच्या संगीतावरच अन्याय झाला आणि तो त्याच्याच मासिकाने केला. त्याच्या गटात दम असेल तर तिऱ्हाईताने तसं म्हणायला हवं होतं. घरच्या साडेचार माइकांनी ती शक्यता कायमची मारली. आजही त्या अल्बमची चर्चा निघाली तर गाण्यांची होत नाही, माइकांची होते.

पण या कारकिर्दीतला माझ्या मते सगळ्यात बोचणारा भाग २००२-०३ चा आहे.

एमिनेम तेव्हा यशाच्या शिखरावर होता. बेन्झिनोने त्याच्यावर गाण्यांतून हल्ला चढवला, एमिनेमने तिखट उत्तरं दिली. रॅपमध्ये हे चालतंच. दोघे एकमेकांची लाज काढतात, ऐकणारे कौल देतात आणि कौल एमिनेमच्या बाजूने गेला. इथवर सगळं रीतीला धरून होतं. पण बेन्झिनोच्या हातात माइकशिवाय मासिकही होतं आणि त्याने तेही आखाड्यात उतरवलं. २००३ च्या सुरुवातीच्या एका अंकात तर बेन्झिनोने एमिनेमचं छाटलेलं मुंडकं हातात धरल्याचं चित्र छापलं गेलं. त्याच वर्षी ‘रिडेम्प्शन’ हा त्याचा स्वतःचा अल्बम बाजारात येत होता. वाचकाने याकडे पत्रकारिता म्हणून बघावं की जाहिरात म्हणून? एमिनेमच्या मागे असलेल्या ‘इंटरस्कोप’ या रेकॉर्ड कंपनीने ‘द सोर्स’मधल्या जाहिराती काढून घेतल्या आणि मार्च २००३ च्या ‘एक्सएक्सएल’च्या मुखपृष्ठावर एमिनेम, डॉ. ड्रे आणि फिफ्टी सेंट एकत्र दिसले. त्या वर्षी रॅपमध्ये यांच्याहून मोठं नाव नव्हतं आणि रॅपचं सगळ्यात मोठं मासिक त्यांच्या वाटेवर नव्हतं.

आता बेन्झिनो नेमकं म्हणत काय होता ते बघा. एक, काळ्या लोकांनी घडवलेल्या कलेत गोऱ्या कलावंताला वाहिन्या, रेडिओ आणि दुकानं जास्त सहज जागा देतात, जास्त सहज माफ करतात. दोन, एक पिढीभर झिजलेल्या काळ्या रॅपरांच्या वाट्याला जे आलं नाही ते गोऱ्याच्या पदरात झटकन पडतं. अमेरिकेतल्या संगीताचा इतिहास माहीत असलेल्या माणसाने या म्हणण्याला वेडगळ म्हणू नये. ब्लूजपासून रॉक अँड रोलपर्यंत हे होत आलेलं आहे. खुद्द एमिनेमने २००२ च्या ‘व्हाइट अमेरिका’ या गाण्यात आपण काळे असतो तर निम्माच खप झाला असता अशा अर्थाचं म्हटलेलं आहे. ज्याच्यावर आरोप होता त्याने मुद्दा आधीच मान्य केला होता! एखाद्या मासिकाने खपाचे आकडे, रेडिओच्या याद्या, कंपन्यांचे जाहिरातींवरचे खर्च मांडून हा विषय लावून धरला असता तर ती त्या दशकातली महत्त्वाची लेखमाला ठरली असती.

आणि मग नोव्हेंबर २००३ मध्ये मासिकाच्या हाती खरोखरचा पुरावा लागला. एमिनेमचं जुनं ध्वनिमुद्रण, ज्यात काळ्या स्त्रियांविषयी अत्यंत हीन भाषा होती. ‘द सोर्स’ने पत्रकार परिषद घेऊन ते ऐकवलं. एमिनेमने आवाज आपला असल्याचं नाकारलं नाही. एका काळ्या मुलीशी प्रेम तुटल्यावर कोवळ्या वयात रागाच्या भरात केलेला तो मूर्खपणा होता, असं म्हणून त्याने त्याची जबाबदारी घेतली. शिवाय आपल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क सांगून तो कोर्टात गेला. कोर्टाने मासिकाला त्यातला थोडाच भाग वापरायची मुभा दिली.

कुठल्याही संपादकाला विचारा, ही बातमी होती की नाही? निखळ बातमी होती. जगातला सगळ्यात जास्त खपणारा रॅपर, त्याचं जुनं गाणं, त्यातली वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी भाषा. त्या स्त्रियांचा अपमान हा विषय स्वतःच्या पायावर उभा राहणारा होता. त्यांना विचारायला हवं होतं, रॅपमधल्या काळ्या स्त्रियांनी यावर काय म्हटलं ते पानंच्या पानं भरून छापायला हवं होतं. पण बातमी बाहेर आली ती वर्षभर एमिनेमशी भांडणाऱ्या, गाण्यांच्या आखाड्यात त्याच्याकडून मात खाल्लेल्या माणसाच्या मासिकातून. लोकांनी ध्वनिफितीत काय आहे हे विचारण्याआधी ती कुणी आणली हे विचारलं. ती ज्याच्या सांगण्यावरून आली त्याच्यावर विश्वास नाही म्हटल्यावर विषय तिथेच थंडावला. एमिनेमच्या कारकिर्दीला त्याने विशेष धक्का बसला नाही.

याचा दोष काही जण वाचकांना देतात. गोऱ्या लाडक्याला लोकांनी पाठीशी घातलं, असं म्हणतात. त्यात तथ्य असेलही. पण वाचकाला पाठीशी घालायला निमित्त कुणी दिलं? रागावलेल्या मनाला खरं बोलायचा हक्क असतो, मात्र बातमी मांडताना आपला राग आणि आपला नफा दोन्ही टेबलावर ठेवावे लागतात, नाहीतर बाजूला होऊन दुसऱ्याच्या हाती बातमी सोपवावी लागते. बेन्झिनोने ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला किंवा अगदी ‘एक्सएक्सएल’ला दिली असती तर तिचं वजन दसपट झालं असतं. तेवढा मोठेपणा दाखवणं सोपं नव्हतं, हे कबूल. पण त्या ध्वनिफितीत ज्यांचा अपमान झाला होता त्यांच्यासाठी म्हणून कुणीतरी तो दाखवायला हवा होता.

मासिकाच्या आत काय चाललं होतं त्याचा पत्ता पुढे कोर्टातून लागला. किंबर्ली ओसोरिओ ही ‘द सोर्स’ची पहिली स्त्री मुख्य संपादक. २००५ मध्ये तिला काढलं. लैंगिक छळ आणि भेदभाव झाल्याची तक्रार केल्यामुळे आपल्याला काढलं, असं म्हणत ती कोर्टात गेली. २००६ मध्ये ज्युरीने छळाचा आणि भेदभावाचा आरोप मान्य केला नाही, पण तक्रार केल्याचा सूड म्हणून तिला काढलं गेलं आणि तिची बदनामी झाली, हे मान्य करून १ कोटी ५५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. भरपाईची रक्कम नंतर कमी झाली, निष्कर्ष राहिला. २००६ च्या सुरुवातीलाच मेज आणि बेन्झिनो या दोघांना मासिकातून दूर करण्यात आलं होतं आणि २००७ मध्ये मासिकावर दिवाळखोरीची पाळी आली. मालकाला विचारणारं कुणी उरलं नाही की काय होतं, ते १९९४ पासून दिसतच होतं. समीक्षेचं पान आणि संपादकाची खुर्ची, दोन्ही ठिकाणी प्रश्न तोच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेऊ इच्छित नाही. ‘रोलिंग स्टोन’चा संस्थापक जॅन वेनर याने २००१ मध्ये आपल्या मित्राच्या, रॉक गायक मिक जॅगरच्या, ‘गॉडेस इन द डोअरवे’ या अल्बमचं परीक्षण स्वतः लिहिलं आणि पाचपैकी पाच तारे देऊन टाकले. १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ची ब्रिटिश आवृत्ती निघाली तेव्हा जॅगर तिच्यात भागीदार होता. मग वेनरला २००४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं गेलं आणि बेन्झिनोचं नाव तेवढं बद्दू झालं, हे कसं? प्रश्न रास्त आहे. गोऱ्या प्रकाशकाची मैत्री ही हौस ठरते आणि बॉस्टनच्या वस्तीतल्या रॅपरची मैत्री ही दादागिरी ठरते, असा दुटप्पीपणा नक्कीच आहे. शिवाय ‘द सोर्स’चे दोन्ही संस्थापक गोरे होते. काळ्या वस्तीतल्या संगीतावर चालणाऱ्या मासिकात, ते संगीत ज्या वस्तीत जन्मतं तिथून आलेल्या एका रॅपरला मालकीचा वाटा मिळणं, ही मी चांगलीच गोष्ट मानतो. आपल्या घामावर दुसऱ्यांनी पैसा करायचा आणि आपण फक्त मुलाखती द्यायच्या, हे रॅपरांनी का सोसावं?

पण त्यावरचा उपाय वेनरलाही तोच नियम लावणं हा आहे. बेन्झिनोला त्यातून सूट देऊन तो दुटप्पीपणा जात नाही. जॅगरचा तो अल्बमही आज लोकांना आठवतो तो त्या पाच ताऱ्यांच्या संदर्भातच.

कलावंत आणि मासिक यांचं जमतच नाही, असंही नाही. संगीतकार क्विन्सी जोन्सने टाइम कंपनीच्या साथीने ‘व्हाइब’ हे मासिक उभं केलं, १९९३ पासून ते नियमित निघू लागलं. तिथेही ठिणग्या उडाल्या. मुखपृष्ठावरून वाजल्यावर पहिल्या संपादकाने राजीनामा दिला. तरी मासिक टिकलं, कारण मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मासिक जोन्सच्या संगीताची दुकानदारी करण्यासाठी चाललेलं नव्हतं. मला स्वतःला मात्र बीस्टी बॉइज या रॅप गटाचं ‘ग्रँड रॉयल’ जास्त भावतं. १९९३ पासून त्याचे मोजून सहा अंक निघाले, तेही जमेल तेव्हा. नाव त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीचं, म्हणजे पहिल्या पानावरच कबुली की हे रॅपरांचं मासिक आहे, त्यांच्या आवडीनिवडीचं आहे. एका अंकात ली ‘स्क्रॅच’ पेरीवर, जमैकाच्या त्या विलक्षण संगीतकारावर, लेखांचं मोठं दालन होतं. आपल्याला जे आवडतं ते दाखवायचं, बाकी न्यायनिवाड्याचा आव आणायचा नाही. अशा मासिकात पक्षपात असतो, तो असणारच. वाचक तो जमेस धरूनच अंक उघडतो.

‘द सोर्स’ला हा पर्याय कधीही खुला होता. ‘आमचा एक मालक रॅपर आहे, त्याच्या अल्बमचं परीक्षण आम्ही करत नाही’ एवढी एक ओळ छापायला किती जागा लागते? किंवा परीक्षण बाहेरच्या लेखकाकडे द्यावं आणि तसं नमूद करावं. मोठ्या वर्तमानपत्रांत आपल्याच मालकाच्या कंपनीची बातमी देताना तशी ओळ टाकतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जाहिरातदार रेकॉर्ड कंपन्यांचा दबाव तर सगळ्याच संगीत मासिकांवर होता. ज्या कंपनीचा अल्बम मोजायचा तिचीच पानभर जाहिरात पलीकडे असायची. म्हणजे हितसंबंध फक्त रॅपरांचे असतात असं नाही. पण जाहिरात निदान जाहिरात म्हणून छापलेली दिसते.

हा प्रश्न आज संपलेला नाही, उलट पसरला आहे. मासिकं रोडावली आणि बोलायची सूत्रं कलावंतांच्याच हाती गेली. रॅपर जो बडन आज त्याच्या गाण्यांपेक्षा पॉडकास्टमुळे जास्त ओळखला जातो. रॅपर नोरीचा ‘ड्रिंक चॅम्प्स’ हा पॉडकास्ट २०१६ पासून चालू आहे. बडन तर एमिनेमच्याच ‘शेडी रेकॉर्ड्स’शी करार असलेल्या ‘स्लॉटरहाउस’ या गटातला होता. २०१७ मध्ये त्याने एमिनेमचं एक गाणं कार्यक्रमात सरळ टाकाऊ ठरवलं. एमिनेमने पुढच्या वर्षी ‘कामिकाझी’ या अल्बममध्ये त्याचा समाचार घेतला. यात कुणाचा गैरसमज झाला नाही, कारण दोघांचं पूर्वीचं नातं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. बडन गुण देणारा तटस्थ परीक्षक असल्याचं नाटक करत नव्हता, आपल्या नावाने आपलं मत देत होता. पक्षपात उघड असला की ऐकणारा आपला हिशोब आपण करतो.

मला काळजी वाटते ती उलट्या प्रकाराची. समाजमाध्यमांवर ‘या वर्षीचे दहा सर्वोत्तम’ सांगणारी जी असंख्य खाती आहेत, त्यातल्या कुणाला कुणी पैसे दिले, कोण कुणाचा व्यवस्थापक आहे, हे कळायला मार्ग नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी, असं २००९ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. पण पैशाऐवजी मैत्री, भागीदारी, व्यवस्थापनाचा वाटा असला तर? मेज आणि बेन्झिनोमध्ये दरमहा पाकीट फिरत नव्हतं, दोस्ती होती, भागीदारी होती आणि ‘आपल्याला डावललं’ ही एकत्र जपलेली खंत होती. नियमात पकडायला हे सगळ्यात कठीण आणि समीक्षेला पोखरायला सगळ्यात जोरदार.

बेन्झिनो थांबलेला नाही. ‘द सोर्स’ सुटल्यावर २००६ मध्येच त्याने मेजच्या जोडीने ‘हिप-हॉप वीकली’ काढलं, पुढे टीव्हीवरच्या ‘लव्ह अँड हिप हॉप: अटलांटा’मधून नव्या पिढीला माहीत झाला. त्याची मुलगी कोय लेरे आज स्वतःच्या बळावर गाजलेली रॅपर आहे. २०२४ च्या जानेवारीत एमिनेमने पुन्हा त्याच्यावर गाण्यातून वार केला, त्याने लगोलग उत्तर दिलं आणि वीस वर्षांनी तोच सामना पुन्हा रंगला. या वेळी त्याच्या पाठीशी मासिक नव्हतं. दोन रॅपर, दोन गाणी, ऐकणारे ऐकून ठरवतील. हे असंच व्हायला हवं होतं, पहिल्यापासून.

जुन्या ‘द सोर्स’च्या माइकांच्या याद्या अजूनही इंटरनेटवर फिरतात. पाच माइक कुणाला, साडेचार कुणाला, यावर आजची मुलं हमरीतुमरीवर येतात आणि त्या आकड्यांवरून इतिहास मांडतात. या याद्या जे कुणी जपतात, छापतात त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. प्रत्येक आकड्यासमोर परीक्षण कुणी लिहिलं ते लिहा, तेव्हा संपादक कोण होता ते लिहा आणि ज्या गटाचा माणूस त्या काळात मासिकाचा मालक होता, त्या गटाच्या अल्बमसमोर तसं स्पष्ट नोंदवा. ‘इलमॅटिक’च्या पाच माइकांना त्याने बाधा येणार नाही. मिन्या ओचं नाव तिथे शोभूनच दिसेल. आणि ‘मेड मेन’चा तो अल्बम, तो एकदा माइक झाकून नुसता ऐकावा. पंचवीस वर्षं होऊन गेली, निदान आता तरी त्याला कुणीतरी तिऱ्हाइताच्या कानाने ऐकायला हवं.